दर सातवं घर

मॅडमनी डब्यातून चिठ्ठी काढायला लावली: चार.
म्हणजे चौथ्या घरापासून सुरू,
मग दर सातवं.
चार, अकरा, अठरा, पंचवीस, बत्तीस.
मधल्या कुणी पाणी विचारलं तर प्यायचं,
फॉर्म काढायचा नाही.
कोण गोड बोलतं, कुणाच्या दारात सावली आहे,
याच्याशी नमुन्याचा संबंध नाही.

अशोक चौकाच्या मागं गल्लीत शिरलं
की आधी तळपायांना ऐकू येतं.
खटक-खटक, खटक-खटक,
एका भिंतीआड टॉवेल, दुसरीआड चादर.
माझ्या फॉर्मात दोन चल:
मागावर किती वर्षं, आणि कानाला किती कमी.
पहिल्यामुळं दुसरं होतं का, एवढंच बघायचंय.
वय दोघांच्या मध्ये घुसून बसतं,
म्हणून त्याला वेगळा रकाना.

अकरावं घर. व्यंकटेश इराबत्ती, बावीस वर्षं माग.
मी बोलते, ते माझे ओठ बघतात.
नीट ऐकू येतं ना?
"येतंय की वो!"
मागं त्यांची बायको हातानंच म्हणते, कुठलं काय.
मी दोघांचंही लिहीत नाही. हेडफोन लावते.
मशीनला सासर-माहेर नसतं.

अठरावं घर कुलूपबंद. तीनदा गेले.
शेजारचं घेऊ का, विचारलं तर मॅडम फोनवर म्हणाल्या,
दिवसा घरी सापडणारी माणसं
न सापडणाऱ्यांसारखी नसतात. परत जा.

शेजारचं म्हणजे एकोणिसावं.
सत्तम्मा म्याकल, मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, दोरा.
"तीनदा आली ह्या गल्लीत. आमच्यात का येत नाहीस?"
तुमचा नंबर नाही लागला, मावशी.
"घरकुलात नाही लागला.
आता बहिऱ्यातबी नाही व्हय!"
आत खाटेवर तिचा नवरा,
आमच्याकडं पाठ करून.
ती त्याला हाक मारत नाही,
खडा मारते, छोटा, दोऱ्याच्या रिळाएवढा सवयीचा.

बत्तीसाव्या घरातला माणूस म्हणाला, माग सोडला, पाच वर्षं झाली.
फॉर्मची पहिलीच ओळ: सध्या मागावर काम करता का?
नाही असेल तर आभार माना, पुढं जा.
मी आभार मानले.

महिन्यानं तक्ता तयार झाला.
वीस वर्षंवाल्यांपेक्षा
तीस वर्षंवाल्यांना जास्त ऐकू येत होतं.
मी बेरजा पुन्हा केल्या. बेरजा बरोबर.
कागदावर तर असंच दिसत होतं
की मागाच्या आवाजानं कान सुधारतात.
मॅडम बराच वेळ तक्त्याकडं नाही,
फॉर्मच्या पहिल्या ओळीकडं बघत राहिल्या.
ज्यांचे कान गेले ते माग सोडून गेले.
उरले त्यांनाच आपण विचारलं, का उरलात.
मग त्यांनी ती ओळ खोडली.
पट्टी लावून, सरळ.

पुन्हा डबा, पुन्हा चिठ्ठी: दोन.
दोन, नऊ, सोळा, तेवीस.
मी बोटांवर पुढं मोजत गेले.
एकोणीस येत नव्हतं.

सत्तम्मानं सूप बाजूला ठेवलं नाही.
"आता तरी?"
नाही, मावशी.
तिनं एक विडी वळली, बांधली, टोक मुडपलं.
"आमचा मुकादम हजारातल्या मूठभर बघतो
आन् सगळ्याची छाट काढतो.
म्हणून मी चांगल्या वर ठेवते.
त्यालाबी ठाऊक. तो मग तळातनं उचलतो, खराब असंल तीच, हुडकून."
दोरा दातानं तोडला.
"तू बघून उचलतीस का?"
न बघता. डब्यातनं.
"खरं?"
खरं.

खाटेवरचा माणूस कुशीवर वळला.
गल्लीत वीज गेली, माग थांबले,
आणि त्या शांततेत माझाच आवाज मला मोठा वाटला.

"मग जा," ती म्हणाली.
"तेवीसवाला दुपारी झोपतो. कडी जोरात वाजव."